सॉकेट कुणाचं?



या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल बोललो, पलटणींबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, कर्नलसाहेबांकडचे विषय संपले वाटतं! आज मी बोलणार आहे हॉस्पिटलातल्या यंत्रांच्या देखभालीबद्दल. त्यातही ही देखभाल विकत कशी घेतात, तिचं टेंडर कसं निघतं, त्यात काय लिहितात आणि काय लिहायचं राहून जातं, याबद्दल. विषय कोरडा वाटेल. पण आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी त्या कॉटवर झोपणार आहे आणि डोक्याशी ते यंत्र टिकटिकत असणार आहे. तेव्हा तासभर सोसा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

मी फौजेत ईएमईमध्ये होतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या कोअरमध्ये. तीस वर्षं रणगाड्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बेंगळुरूलाच राहिलो. इथल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या विश्वस्तांनी मला खरेदी समितीवर घेतलं. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या हॉस्पिटलचा नव्हता. समितीत डॉक्टर होते, हिशेबनीस होते. तांत्रिक सदस्य मी एकटा.

पावसाळ्यातली रात्र. अडीच वाजता फोन आला. बाहेरची वीज गेली होती. जनरेटर सुरू झाला, पण आयसीयूत वीज पोचली नाही. यूपीएसने पाच-सहा मिनिटं तग धरला आणि मान टाकली. आयसीयूत तीन व्हेंटिलेटर चालू होते. दोन आपल्या आतल्या बॅटरीवर चालत राहिले. तिसरा बंद पडला. त्या कॉटवर सत्तरीतले एक आजोबा होते. ड्यूटीवरच्या मल्याळी सिस्टरने क्षणाचाही वेळ न घालवता अँबू बॅग लावली आणि हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. वीस-बावीस मिनिटं ती आणि एक वॉर्डबॉय आळीपाळीने बॅग दाबत होते. तोवर इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हरचा अडकलेला कॉन्टॅक्टर बाजूला ठेवून हाताने लाइन फिरवली. आजोबा वाचले, बारा दिवसांनी घरी गेले. माझ्या समितीचं यात काडीचंही कर्तृत्व नाही. ते श्रेय सिस्टरच्या मनगटाचं.

सकाळी मी तिन्ही कंत्राटदारांना बोलावलं. जनरेटरवाला म्हणाला, माझा जनरेटर बारा सेकंदांत सुरू झाला, नोंद बघा. खरं होतं. यूपीएसवाला म्हणाला, माझ्या करारात बॅटऱ्या नाहीत, त्या 'झिजणारा माल' या सदरात वगळल्या आहेत. तेही खरं होतं. व्हेंटिलेटरवाल्याने तेच कलम दाखवलं, आतली बॅटरी वगळलेली. मग मी विचारलं, चेंजओव्हर पॅनल कुणाचं? सगळे एकमेकांकडे बघू लागले. हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, "सर, अदु नम्म केलस अल्ल." साहेब, ते आमचं काम नाही. आणि कागदावर तोही खरंच बोलत होता.

तिघांच्या तिमाही तपासणीच्या पावत्या नीट लावलेल्या होत्या. सगळं 'ठीक'. तिन्ही करारांवर तांत्रिक सदस्य म्हणून सही होती माझी.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. ज्याने आयुष्यभर देखभालच केली, त्याच्या हातून देखभाल विकत घेताना एवढी चूक कशी झाली? उत्तर शोधताना मी मागे मागे जात राहिलो. तोच प्रवास आज तुमच्यासमोर मांडतो.

सायकलवरचा एक्स-रे

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. दोन वर्षांच्या आत ते यंत्र लढाईवर पोचलं, आणि तेही आपल्याच उपखंडात. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, म्हणजे वायव्य सरहद्दीवर आफ्रिदींशी झालेल्या लढाईत, बीव्हर नावाच्या लष्करी सर्जनने एक्स-रे यंत्र डोंगरात नेलं आणि जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या.

त्यानंतर १८९८ मध्ये सुदानच्या मोहिमेत बॅटर्सबी नावाचा दुसरा लष्करी डॉक्टर असंच यंत्र घेऊन गेला. वाळवंटात वीज कुठून आणणार? त्याने दोघांनी चालवायची सायकल घेतली, तिच्या चाकावरून पट्टा डायनामोला जोडला आणि दोन सैनिकांना पेडल मारायला बसवलं. त्यातून बॅटऱ्या चार्ज व्हायच्या आणि बॅटऱ्यांवर एक्स-रे. वाटेत उन्हाने यंत्र बिघडू नये म्हणून ओल्या कापडात गुंडाळून नेलं होतं.

या गोष्टीत मला काय दिसतं? बॅटर्सबीच्या लेखी वैद्यकीय यंत्र आणि वीज ही दोन वेगळी खाती नव्हती. फिल्मवरचं हाड दिसायचं तर पेडल मारणाऱ्या सैनिकाच्या पायापासून काचेच्या नळीपर्यंत सगळी साखळी त्याचीच जबाबदारी होती. कुठलीही कडी तुटली तर तो 'ते आमचं काम नाही' म्हणू शकत नव्हता. देखभालीची पहिली अट मला इथे दिसते. साखळी एक असेल तर धनीही एक हवा.

हॉस्पिटल आधी, वीज नंतर

आता आपल्या बेंगळुरूत या. तिराहची मोहीम चालू होती त्याच वर्षी, १८९७ मध्ये, इथे व्हिक्टोरिया हॉस्पिटलची पायाभरणी झाली. म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मणी यांच्या हस्ते. डिसेंबर १९०० मध्ये लॉर्ड कर्झनने त्याचं उद्घाटन केलं. आजही सिटी मार्केटला लागून ते दगडी हॉस्पिटल दिमाखात उभं आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. उद्घाटन झालं तेव्हा या शहरात वीज नव्हती. ती आली ऑगस्ट १९०५ मध्ये, आणि पहिले दिवे लागले ते याच मार्केटच्या परिसरात. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर म्हैसूर संस्थानाने वीजकेंद्र उभारलं होतं. १९०२ मध्ये तिथली वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली, मग शहराला. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळातली ही योजना. तिच्यामागचा अभियंता होता रॉयल इंजिनिअर्सचा एक फौजी अधिकारी, जोली द लोटबिनिएर. संस्थानाच्या नोकरीत तो उपमुख्य अभियंता होता.

म्हणजे आपल्याकडे हॉस्पिटल आधी आलं आणि वीज नंतर. घरात सून मागाहून यावी तशी वीज त्या इमारतीत आली. तिचं खातं वेगळं, तिचे अभियंते वेगळे, तिचं बजेट वेगळं. यंत्र डॉक्टरांचं आणि वीज इंजिनिअरांची ही वाटणी तेव्हापासूनची. आजही बहुतेक सरकारी हॉस्पिटलांत वायरिंग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडे असतं आणि यंत्रं आरोग्य खात्याकडे. दोन्ही खात्यांची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी येऊन मिळते.

त्या जुन्या काळाची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. संस्थानाने परदेशी कंपन्यांकडून यंत्रं घेतली, पण ती चालवायला स्वतःचं विद्युत खातं उभं केलं. एच. पी. गिब्ज हे त्या खात्याचे मुख्य विद्युत अभियंता होते. पुढे टाटांनी लोणावळा-खोपोलीची वीजयोजना हाती घेतली तेव्हा गिब्ज तिकडे गेले, आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. म्हैसूरला मिळालेलं ज्ञान माणसाच्या डोक्यात बसून महाराष्ट्रात आलं. याच शहरात १९११ मध्ये टाटांच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थी शिकू लागले, तेव्हा सुरुवातीच्या विभागांत विद्युत तंत्रज्ञानाचा विभाग होता. यंत्र बाहेरचं असलं तरी चालेल, पण ते जाणणारा माणूस आपला हवा, हे त्या पिढीला पक्कं कळलेलं होतं.

दुरुस्तीची वेगळी फौज

आता माझ्या घरची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश फौजेत आणि आपल्या फौजेतही माल पुरवणारं खातं मुख्य, आणि दुरुस्ती बहुतांशी त्याच्याच पदरी. ऑर्डनन्सवाले माल साठवायचे, द्यायचे आणि बिघडला की दुरुस्तही करायचे. आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे शेकड्यांनी बंद पडू लागले तेव्हा ही व्यवस्था कोलमडली. कुशल कारागीर दहा ठिकाणी विखुरलेले, कुणी भलत्याच कामावर. हे तपासायला लंडनमध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते सर विल्यम बेव्हरिज. नाव ओळखीचं वाटतंय? १९४२ च्या अखेरीस ज्यांच्या अहवालातून ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची कल्पना पुढे आली, तेच हे बेव्हरिज. फौजेतल्या कारागिरांचा हिशेब त्यांनी त्याच्या आधी केला. त्यातून ऑक्टोबर १९४२ मध्ये ब्रिटिश फौजेत दुरुस्तीची स्वतंत्र कोअर निघाली आणि १९४३ मध्ये आपल्याकडे. तीच आमची ईएमई. १५ ऑक्टोबरला आम्ही कोअर दिन साजरा करतो. 'कर्म ही धर्म' हे आमचं ब्रीद.

त्या बदलाचं मर्म साधं होतं. जो माल आणतो त्याचं यश माल पोचला की संपतं. जो सांभाळतो त्याचं काम तिथून सुरू होतं. दोघांना एकाच मापाने मोजलं की सांभाळणारा नेहमी मागे पडतो. दुसरं तत्त्व होतं की दुरुस्ती शक्य तितकी पुढे, म्हणजे वापरणाऱ्याजवळ करायची. छोटं काम युनिटमध्येच, त्याहून मोठं फील्ड वर्कशॉपमध्ये आणि अगदी मोठं बेस वर्कशॉपमध्ये. आमचं असं एक बेस वर्कशॉप इथे हलसूरलाच आहे.

मी नवा लेफ्टनंट असताना एका लष्करी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचा दिवा तपासायला गेलो होतो. सोबत एक सातारकडचे सुभेदार होते. दिवा ठीक होता. मी निघणार इतक्यात त्यांनी खाली बसून सॉकेट उघडलं आणि आतली काळवंडलेली तार दाखवली. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, हे तर एमईएसचं काम. आपली हद्द प्लगपर्यंत."

ते म्हणाले, "साहेब, हद्द कागदावर. पेशंट टेबलावर."

मग त्यांनी एमईएसच्या माणसाला बोलावून घेतलं, तार बदलेपर्यंत तिथेच बसून राहिले आणि दोन्हीकडच्या लॉगबुकात नोंद केली. फौजेतही हद्दी होत्याच. पण हद्दीवर उभा राहणारा माणूस होता, आणि त्याने केलेली नोंद दुसरा कुणीतरी वाचत होता. माझ्या खरेदी समितीच्या करारांतून नेमका हाच माणूस गळाला होता.

मिस्त्री गेला, करार आला

स्वातंत्र्यानंतरची काही दशकं मोठ्या हॉस्पिटलांत स्वतःची छोटी वर्कशॉपं असायची. एक इलेक्ट्रिशियन, एक फिटर, एखादा रेडिओ दुरुस्तीतून आलेला हुशार मिस्त्री. यंत्रंही सोपी होती. बेंगळुरू तर अशा कारागिरांचं माहेरघर. एचएएल, आयटीआय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स. 'बीईएल'मध्ये रडारचे भाग बनायचे तसे एक्स-रेच्या ट्यूबही बनू लागल्या. सोल्डरिंगची इस्त्री हातात धरणारी माणसं या शहरात गल्लोगल्ली होती.

मग यंत्रं बदलली. सीटी स्कॅन, अल्ट्रासाउंड, संगणकावर चालणारे मॉनिटर. १९८८ मध्ये केंद्र सरकारने हॉस्पिटलांच्या यंत्रांवरचं आयातशुल्क माफ करणारी अधिसूचना काढली. अट अशी, की बाह्यरुग्णांपैकी ४० टक्क्यांना फुकट उपचार द्यायचे आणि महिन्याला ५०० रुपयांहून कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखायच्या. ही सवलत १९९४ मध्ये बंद झाली. पुढचे कोर्टकज्जे या फुकट उपचारांच्या अटीवरून झाले, आणि ते योग्यच होतं. पण या लाटेत आलेली यंत्रं दहा वर्षं कोण सांभाळणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. १९९० मध्ये बेंगळुरूत विप्रो आणि जीई यांची संयुक्त कंपनी सुरू झाली. यंत्र विकणारेच आता सेवाही विकू लागले. नव्या यंत्राचा नकाशा आणि सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीकडे. मिस्त्रीच्या हाती उरला फक्त स्क्रू ड्रायव्हर. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही.

त्याच्या जागी दोन शब्द आले, एएमसी आणि सीएमसी. हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार. माणूस येईल, तपासेल, साफ करेल, पण सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसी म्हणजे सर्वसमावेशक करार, सुट्या भागांसकट. पण 'सर्वसमावेशक' या शब्दावर जाऊ नका. खाली बारीक अक्षरात वगळलेल्या वस्तूंची यादी असते. बॅटरी, एक्स-रे ट्यूब, प्रोब, सेन्सर, केबल. म्हणजे नेमक्या ज्या वस्तू बिघडतात त्याच!

सरकारी बाजूनेही बदल झाले. १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकात आरोग्य व्यवस्थेचा मोठा प्रकल्प सुरू झाला, पाठोपाठ महाराष्ट्रातही. जिल्हा आणि तालुका हॉस्पिटलांत इमारती सुधारल्या, यंत्रं आली. १९९९ मध्ये कर्नाटकाने सरकारी खरेदीच्या पारदर्शकतेचा कायदा केला. काही वर्षांत टेंडरं संगणकावर गेली. केंद्रात २०१६ मध्ये 'जेम' हे ऑनलाइन खरेदीचं पोर्टल आलं आणि पुढच्या वर्षी जुनं पुरवठा महासंचालनालय बंद झालं. यातून ओळखीपाळखीचे ठेके कमी झाले, आणि ते फार आवश्यक होतं. ते कुणीही नाकारू नये.

पण एक गोम राहिली. सर्वांत कमी दराला टेंडर द्यायचं, तर दर कशाचा बघायचा? एक साधा हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत.

समजा एक यंत्र घ्यायचंय. पहिला विक्रेता म्हणतो ५० लाख. दुसरा म्हणतो ४६ लाख. आपण म्हणणार, दुसऱ्याला द्या, चार लाख वाचले. आता पुढे बघा. दोघांची वॉरंटी तीन वर्षं, यंत्र वापरायचं दहा वर्षं. म्हणजे सात वर्षांचा सीएमसी लागणार. पहिल्याचा दर किमतीच्या ६ टक्के, वर्षाला ३ लाख, सात वर्षांचे २१ लाख. एकूण ७१ लाख. दुसऱ्याचा दर १० टक्के, वर्षाला ४ लाख ६० हजार, सात वर्षांचे ३२ लाख २० हजार. एकूण ७८ लाख २० हजार. चार लाख वाचवायला गेलो आणि सात लाख वीस हजारांना बुडालो. म्हणून देखभालीचा दर यंत्राच्या टेंडरातच, त्याच दिवशी बांधून घ्यायचा. यंत्र दारात आल्यावर विचारलं की अडला हरी.

केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतही महागड्या यंत्रांसाठी देखभाल कराराचा विचार खरेदीबरोबरच करायला सांगितलंय. वॉरंटीच्या काळात देखभाल फुकट, पैसे त्यानंतर. आणि करार विक्रेत्याशीच हवा असंही नाही, दुसरी सक्षम संस्था चालते. नियम शहाणा आहे. तो वाचणारा माणूस समितीत बसलेला हवा.

साडेसात लाख यंत्रांची मोजदाद

२०१५ मध्ये एक मोठं काम झालं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशातल्या २९ राज्यांच्या सरकारी आरोग्य केंद्रांतली यंत्रं मोजली. २९,११५ ठिकाणी मिळून ७,५६,७५० यंत्रं निघाली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्यागणिक त्यातली १३ ते ३४ टक्के बंद होती. म्हणजे काही राज्यांत दर तीन यंत्रांतलं एक!

या आकड्यांना मी फौजी सवयीने भागून बघितलं. एका यंत्राची सरासरी किंमत येते साठ हजार रुपये. आपल्याला वाटतं, बंद पडलेली यंत्रं म्हणजे कोट्यवधींचे एमआरआय. नाही हो. बहुतेक यंत्रं साधी. सक्शन मशीन, बाळांना ऊब देणारे वॉर्मर, ईसीजी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कंपनीच्या इंजिनिअरला तालुक्याच्या गावी जायला परवडत नाही आणि गावात दुरुस्त करणारा नाही, म्हणून पन्नास रुपयांच्या फ्यूजसाठी ती कोपऱ्यात जातात.

त्या मोजणीतून राज्यांसाठी एकत्रित देखभालीचा कार्यक्रम निघाला. संपूर्ण राज्यातली यंत्रं एका संस्थेकडे, मोबदला यंत्रांच्या एकूण किमतीच्या टक्क्यांत, तक्रारीसाठी चोवीस तास फोन. मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे पैसे फेऱ्यांवर न ठरवता यंत्र किती काळ चालू राहिलं यावर ठरवले. जिल्हा हॉस्पिटलात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०. इंजिनिअर चार वेळा आला याला किंमत नाही, यंत्र चाललं याला किंमत. एएमसीच्या विचारापुढचं हे पाऊल होतं.

तरी टक्केवारीचे दिवस करून बघा. ९५ टक्के म्हणजे वर्षाला अठरा दिवस बंद चालेल. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस. गावातलं एकुलतं एक यंत्र अडीच महिने बंद राहिलं तरी करार मोडत नाही. आणि बंद कधीपासून धरायचं? तक्रार नोंदवली तेव्हापासून. नोंदवलीच नाही, तर कागदावर यंत्र चालूच! म्हणून सगळं पुन्हा येऊन ठेपतं एका माणसावर, हॉस्पिटलातल्या त्या नोंद करणाऱ्यावर.

शिवाय हा कार्यक्रम वैद्यकीय यंत्रांचा. जनरेटर, पॅनल, वायरिंग, अर्थिंग यांची जबाबदारी सहसा दुसऱ्याच खात्याची. सॉकेटची ती जुनी हद्द तिथेच राहिली.

भंडारा

मंडळी, इथे मला थोडं थांबायला लागतं. ९ जानेवारी २०२१ ची पहाट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. चौकशीत पुढे आलं की ठिणगी उडाली ती एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमधून. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आयसीयूला आग लागली.

या घटनांमध्ये कुणाची किती चूक, हे ठरवायला मी न्यायाधीश नाही. मला एवढंच दिसतं की वॉर्मर हे वैद्यकीय यंत्र आहे आणि ठिणगी ही विजेची आहे. एका खात्याच्या यादीत पहिलं येतं, दुसऱ्याच्या यादीत दुसरं. बाळ मात्र दोन्हींच्या मध्ये झोपलेलं असतं. भंडाऱ्याची बातमी मी बेंगळुरूत चहा पिताना टीव्हीवर पाहिली आणि मला आमच्या आयसीयूतले ते आजोबा आठवले. आमच्याकडे सिस्टरच्या हाताने वेळ निभावली. दर वेळी निभावत नाही.

आम्ही काय बदललं

त्या रात्रीनंतर मी विश्वस्तांना राजीनामा दिला होता. अध्यक्ष म्हणाले, "राजीनामा नको, चूक सुधारून द्या." मग आम्ही चार कामं केली. तुमच्यापैकी कुणी हॉस्पिटलच्या, शाळेच्या, हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर असाल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिलं काम, एकच यादी. वीज इमारतीत शिरते तिथपासून रुग्णाच्या अंगाला लागलेल्या तारेपर्यंत प्रत्येक वस्तू ओळीने लिहिली आणि प्रत्येकीपुढे एक नाव. तीन जागा रिकाम्या निघाल्या. चेंजओव्हर पॅनल, आयसीयूची सॉकेटं आणि अर्थिंगचे खड्डे.

दुसरं, प्रत्येक करारातली 'वगळलेल्या वस्तूं'ची यादी आम्ही आधी वाचू लागलो. बॅटरी करारात आणली, बदलायच्या तारखेसकट. दर वाढला. वाढू दिला.

तिसरं, 'किती वेळात माणूस येईल' हे वाक्य काढून 'किती वेळात यंत्र चालू होईल' हे वाक्य घातलं. नाही झालं तर बदली यंत्र कोण देणार तेही. आणि वेळ मोजायची आमच्या लॉगबुकावरून, कंत्राटदाराच्या पावतीवरून नाही.

चौथं काम सर्वांत अवघड गेलं. स्वतःचा एक माणूस नेमायचा. हिशेबनीस म्हणाले, "करारांना एवढे पैसे देतोय, वर हा पगार कशाला?" मी म्हणालो, करार नीट पाळला गेला की नाही हे कळायला. शेवटी हुबळीकडची एक डिप्लोमा झालेली मुलगी घेतली. तिच्या सहीशिवाय कुठल्याच देखभालीचं बिल निघत नाही. पहिल्या वर्षी तिने अकरा बिलं परत पाठवली. त्यानंतर वेळ आली नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकराला, डॉक्टर हजर असताना, प्रत्येक कॉटशेजारी अँबू बॅग तयार ठेवून, आम्ही मुद्दाम बाहेरची वीज तोडतो. पहिल्यांदा तोडली तेव्हा आयसीयूतली दोन सॉकेटं मेलेली सापडली. किती दिवसांपासून, देव जाणे. कुणाचीच नव्हती ना ती!

आता आहेत. यादीत सातव्या आणि आठव्या ओळीत, नावासकट.

मी आता समितीवर नाही. पण पहिल्या शनिवारी जमलं तर जातो, दारात उभा राहतो. वीज गेल्यावर जनरेटर गुरगुरेपर्यंतचे ते दहा-बारा सेकंद अजूनही मला फार मोठे वाटतात.

तुमच्या गावच्या हॉस्पिटलात कधी गेलात, तर नवं यंत्र कधी आलं हे विचारूच नका, त्याचा फोटो पेपरात आलेला असतो. ते शेवटचं कधी तपासलं, आणि ते ज्या सॉकेटात लावलंय ते कुणाचं, एवढंच विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.